गुंजभर

सराफ बाजारात आमचं दुकान चार फुटांचं.
काट्याला मात्र स्वतःचं घर आहे, काचेचं,
वाऱ्याचा धक्का लागू नये म्हणून.
दुपारी गिऱ्हाईक पांगलं की
सुभेदार खैरनार पितळ घेऊन यायचे.
झाडलेल्या काडतुसांच्या पुंगळ्या,
धुतलेल्या, घासलेल्या, तोंडं सारखी कापलेली.
परवान्याची वही आधी काउंटरवर, मग पिशवी.
शेगडी विझवायची, उदबत्तीही नको, पंखा बंद.
घाम पुसत आम्ही दोघं
दारूचा एकेक कण चिमट्यानं वर-खाली करायचो.

मी सांगायचो, एक गुंज म्हणजे तुमचे जवळजवळ दोन ग्रेन.
ते म्हणायचे, शेठ, गुंजेत माणूस चुकतो.
गुंज चिरा. मग बोलू.

कुंदा पगार नोटांच्या छापखान्यात.
दिवसभर एकीसारखी दुसरी नोट बघून
तिचा सारखेपणावर विश्वास बसलेला.
हात थकतो, सुभेदार, ती म्हणायची,
हाताला रात्री झोप लागत नाही, हात भांडून येतो.
मी एका लॉटचे डबे घेते, आणि निवांत असते.
डब्यावर लिहिलंय मॅच, ते म्हणायचे. कुणाशी मॅच?
माझ्या नळीला विचारलं होतं का?
कारखाना सगळ्या गावाच्या मापाचा एकच सदरा शिवतो.
सदरा बसतो की, ती म्हणायची.
बसतो, ते म्हणायचे. काखेत ओढतो.

हे तीन हिवाळे चाललं.

शेवटी जानेवारीत, मखमलाबादच्या पुढे,
धुकं द्राक्षांच्या मांडवावरून उठायच्या आत.
शेजारच्या मळ्यात बाया हातात कडी घेऊन
मण्यांची जाडी मोजत होत्या.
रायफल सुभेदारांची. डोळा कुंदाचा,
कारण त्यांच्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला.
काडतुसं द्यायचं काम माझ्याकडे,
तोलणाऱ्यावर दोघांचाही भरवसा.
कुठलं कुठल्या खिशातलं, तिला सांगायचं नाही.

शंभर मीटर. दहा आणि दहा.
मधे नळी थंड व्हायला चहा.

कागद आणले. मी गल्ल्यातली नाणी काढली.
डब्यातली दहाही भोकं दहाच्या नाण्याखाली गेली.
हातच्यांपैकी नऊ रुपयाखाली,
एकमेकांत घुसलेली, एकच फाटकं तोंड झालेली.
आणि दहावं वर, बोटभर लांब,
पंगतीतून रुसून उठल्यासारखं.

सुभेदार बराच वेळ वाकून बघत राहिले.
मग म्हणाले, हे माझं.
त्या दिवशी दवाखान्यातून फोन आला होता,
हिचे रिपोर्ट. मी मोजता मोजता उठलो होतो.
कुंदा म्हणाली, छे, तो मीच ओढला.
श्वास अर्धा होता. मला तेव्हाच कळलं.
मी चहाचे पेले गोळा करत होतो.
त्या दिवशी काचेचं दार उघडं राहिलं होतं.
एका बाईला नथ दाखवायला मी मधेच वळलो,
आणि परत येऊन आकडा सांगितला, न बघता.
हे मी बोललो नाही.

डब्यातल्या दहांबद्दल
कुणीच काही कबूल केलं नाही.
तिथं कबूल करायला कुणी नव्हतंच.

नंतर कोण जिंकलं, विचारू नका.
कुंदानं शिबिराला जाताना चार डबे नेले,
आणि पिशवीच्या कोपऱ्यात सुभेदारांची वीस.
सुभेदार आता येत नाहीत. हिच्यामागे
घरातलं सगळं त्यांनाच बघावं लागतं.

कागद माझ्या गल्ल्याच्या तळाशी आहे.
परवा गर्दी ओसरल्यावर
त्या दहाव्या भोकावर मी गुंज ठेवून पाहिली.
आरपार जात नाही. अडकते,
आणि काळा डोळा वर करून
माझ्याकडे बघत राहते.