झिरो नंबर

सीवूड्सच्या मॉलमध्ये समोर बसला,
जाड काळी फ्रेम, टी-शर्टवर पायचं चिन्ह.
'मी पक्का गीक आहे,' म्हणाला,
पूर्वी स्थळं सांगायची ना, स्वतःचा फ्लॅट आहे, तसं.

वाशीच्या शाळेत मला ढापणी म्हणायचे.
मधल्या सुट्टीत जिन्याखाली
मी वीस बाजूंचा फासा टाकायची,
एकटीच राक्षस, एकटीच राणी.
अजून पर्समध्ये असतो, कोपरे झिजलेला.

त्याचा चष्मा घालून पाहिला:
नुसती काच.
फूड कोर्ट तसंच धूसर.

माझा त्यानं लावला, लगेच काढला.
'बाप रे, एवढं कमी दिसतं तुला?'

'टाक,' म्हटलं, फासा पुढे सरकवला.
माझा चष्मा त्याच्याच हातात,
म्हणून आकडा त्यानं वाचला: तीन.
मग जरा वाकून, हळूच,
'तीन म्हणजे चांगलं की वाईट?'