ठिपका कुठे आहे

एकतीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
मी नोटांचे ताव तपासले.
शाईचा थेंब, तुटकी रेघ, केसाएवढी चुणी.
बोट टेकवायचं, ताव बाजूला. पुढचा.
रिटायर झाल्यावर डोळे रिकामे बसेनात,
म्हणून कॅमेरा घेतला, मुंगीला म्हशीएवढी करणारी लेन्स घेतली,
आणि जेलरोडच्या गॅलरीतला कढीपत्ता
पानापानाने हुडकला.

कार्तिकात सोपानचा फोन, मोहाडीहून:
मावशी, मणी ज्वारीएवढे झालेत,
वर कायतरी दिसतंय. भुरी का नुसती धूळ,
डोळ्याला कळंना.

सकाळची दहिवराची वेळ. घडाखाली मी उकिडवी,
गुडघे बोलतात ते बोलू दिले.
स्क्रीनवर एक मणी, अख्ख्या चंद्राएवढा,
आणि राखाडी ठिपके. सात.
सोपान तेवढ्यात पंपाकडे निघाला.
म्हटलं, थांब रे.

लेन्सचं छिद्र उघडलं: ठिपके विरले.
बावीसवर आवळलं: परत हजर,
साहेब राऊंडला आल्यावर सेक्शन बसतं तसे.
म्हणजे धूळ आतली. सेन्सरवरची.
विरले तेव्हा सगळेच विरले का,
ते मात्र मी मोजलं नाही.
मी. मोजलं नाही.

मग फवारणीच्या वहीचं कोरं पान
उन्हात धरायला लावलं,
फोकस मुद्दाम बिघडवला, कॅमेरा हलवत हलवत टिपलं.
पान कोरं, तरी ठिपके जागच्या जागी.
सहा.
पुन्हा मोजले. सहा.

घड दोन बोटांनी जरासा फिरवला.
सहा ढिम्म.
सातवा मण्याबरोबर गेला.

सोपान काही बोलला नाही,
वाकून तीन ओळी बघत गेला, तिसरीत थांबला,
तिथूनच हात वर केला.

मी बांधावर बसून कॅमेऱ्याचं तोंड जमिनीकडे केलं.
मेनरोडचा मुश्ताक सांगतो,
तोंडाने फुंकू नका मावशी, थुंकी धुळीपेक्षा चिवट.
रबरी फुगा दाबायचा, दम धरून.
फोटोत वर दिसतो तो ठिपका आत खाली असतो,
हे मला अजून दर वेळी
बोटावर उलटं करून बघावं लागतं.
पाच गेले.
एक राहिला, वरच्या डाव्या कोपऱ्यात.
गंधकाचा कण असेल, चिकटलाय.
असू दे.

परतताना एसटीत खिडकीशी.
आडगावच्या पुढे आभाळ कोऱ्या तावासारखं,
त्यात माझ्या उजव्या डोळ्यातला तो ठिपका.
बघायला गेलं की सरकतो,
नजर थांबली की हळूहळू खाली बसतो.
याला फुगा चालत नाही.

कॅनडा कॉर्नरच्या डॉक्टरांनी विचारलं होतं,
कधीपासून आहे?
दोन वर्षं, म्हणाले मी.
त्यांनी लिहून घेतलं.

दोनच का, ते आत्ता मोजू लागले.
बाजूला काढलेले ताव आठवले,
बोट टेकवलेली जागा आठवली,
प्रत्येक वेळी कागदावरच होती ना,
एवढं मात्र नीट आठवेना.

सीबीएस आलं. कंडक्टर म्हणाला,
मावशी, उतरायचंय ना?