ठसा

रास घातली की नाकेदार यायचा,
करंजाच्या सावलीत घोडं बांधायचा.
झोळीत लाकडी ठसा, फळीवर उलटी अक्षरं.
राशीच्या चारी अंगांना दाबत जायचा,
ओलं मीठ ती सुलटी करून दाखवायचं.

मूठभर काढलं तरी अक्षर मोडे.
मोडलं की हाशाला, माझ्या बापाला, आठ आणे दंड,
वर एक कोंबडी.
एकदा टिटवी चालली राशीवरून.
तिचाही दंड आम्हीच भरला.

घरात कालवण अळणी.
पायांच्या भेगांत मात्र मीठच मीठ.

मग ठसाच तडकला.
बेलापूरच्या रघो सुताराला सांगावा गेला:
सागाची फळी, मजुरी चार आणे.
रघोला वाचता येत नव्हतं.
जुन्याची रेघ न् रेघ बघून त्यानं उतरवली,
एकदा सरकारसाठी,
एकदा बापासाठी.
दुसऱ्याची मजुरी एक जिताडं.

त्या साली करावे गावात
काळोखात, बांधाआड,
राशीतून टोपली टोपली मीठ निघालं.
फावड्याच्या पाठीनं रास पुन्हा चोपली,
ठसा माझ्या आईनं दाबला.
बायजीचा हात जड.
अक्षर खोल बसलं.

सकाळी नाकेदार राशीभोवती फिरला, म्हणाला,
"आता कसं नीट उमटतंय!"
बापानं मान हलवली.
कोंबडी त्या दिवशी वाचली.

त्या अक्षरांत काय लिहिलं होतं
ते मला पुढे शाळेत कळलं.
सरकारचं नाव होतं.
आमच्या घरी ते
मिठाच्या मडक्यावर झाकण होतं.