पहिली रात्रपाळी

अकरा वर्षं मेसच्या काउंटरमागे उभी होती लोर्ना ट्वेट,
केसांवर जाळी, हातात कालथा.
आता कमरेला पट्टा: पिस्तूल, बेड्या, वॉकीटॉकी,
इतकं लटकतंय की खुर्चीत धड बसता येत नाही.

अकादमीत सगळ्यांत थोराड तीच.
धावण्यात शेवटून दुसरी,
कायद्याच्या पेपरात पहिली.
शपथेला हात वर केला तेव्हा बाही सरकली,
तेल उडाल्याचा जुना चट्टा सगळ्यांना दिसला.

उणे एकोणीस. डकोटाचा वारा.
पार्किंगच्या पाचव्या मजल्यावर
कठड्यावर कुणीतरी बसलंय, असा फोन.
ती जिन्याने गेली.
लिफ्टची टिंग नको वाटली तिला.

मुलाने वळून आधी बिल्ला पाहिला,
मग चेहरा.
"तुम्ही... पॅनकेकवाल्या ना?"
"हो. आणि तू बिनअंड्याचा मागायचास,
सिरप वेगळ्या वाटीत."

तो हसला नाही.
पण एक पाय आत घेतला.

प्रशिक्षणात अशा वेळची चौदा वाक्यं पाठ करून घेतली होती.
एकही आठवेना.
ती तिथेच काँक्रीटवर बसली, पट्टा बरगडीत रुतला.
म्हणाली, "सहाला मेस उघडते. आत्ता सव्वाचार."

मग दोघंही गप्प.
दुसरा पाय अजून बाहेरच.