इतिवृत्तात न घेतलेले

मासिक सभा, महिन्याचा दुसरा रविवार, सकाळी साडेआठ.
स्थळ : द्वारका, झुबेर कोकणींच्या
मोटार-रिवाइंडिंगच्या दुकानावरची गच्ची.
उपस्थिती अकरा. मिसळ तेरा.
मागचा जमाखर्च वाचून दाखवला.
टेकडीवरच्या रिपीटरची बॅटरी पुन्हा कुणी नेली
यावर बोरस्ते नेहमीइतकेच बोलले.
हे सगळं मी लिहिलं. सचिव आहे,
अक्षर बरं आहे म्हणून सचिव आहे.

मग कोल्हा शोधायला निघालो.
कोल्हा म्हणजे जेवणाचा स्टीलचा डबा,
आत दोन सेल, एक छोटा प्रेषक,
दर मिनिटाला झुडपातून बोलणारा :
डा डा डि डि डित, डि डि डि डा डा.
त्र्याहत्तर. आमच्यात याचा अर्थ, लोभ असावा.
सरळ वाचा, उलट वाचा,
ठोके तेच.

पीव्हीसीच्या पाइपाला मोजपट्टीचे तुकडे लावलेले अँटेने
हवेत फिरवत आम्ही चामर लेण्यांच्या पायथ्याशी,
आणि एक दूधवाला मोटरसायकल थांबवून विचारतो,
रुंदीकरण का? किती जातंय आमचं?
मुक्ता बस्ते म्हणाली, काही नाही काका, कोल्हा हरवलाय.
तो जरा जपूनच पुढे गेला.

आता जे लिहिलं नाही ते.

गायधनी सरांनी आम्हा सगळ्यांना मोर्स शिकवला.
ठिपके मोजू नका, म्हणायचे,
बायकोची पावलं मोजता का? ओळखताच ना?
चौतीस वर्षं प्रेसमध्ये, नोटांच्या यंत्रांपाशी.
त्या यंत्रांनी पगार दिला, फंड दिला,
आणि हळूहळू, वरच्या पट्टीपासून सुरू करून,
कान परत घेतले.

जानेवारीत डबा बोराटीच्या जाळीत होता,
त्यांच्यापासून दोन हातांवर,
बोलत होता, चांगला खणखणीत.
सर चिंचेकडे चालत गेले.
तिथे उभे राहिले. मान तिरकी.
अँटेना एकदा इकडे, एकदा गंगापूर धरणाकडे.
आम्ही दहा जण
बुटांच्या नाड्या बांधू लागलो.
मुक्ताच्या पायात तर चपला होत्या.

त्या रात्री झुबेरभाईंनी शटर अर्धं ओढून
डबा उघडला. मला फोन नाही, कुणालाच नाही.
फेब्रुवारीत कोल्हा बोलला तो खर्जात,
माठात तोंड घालून कुणी हाक मारावी तसा.
बोरस्ते तोंड उघडणार होते.
झुबेरभाईंनी त्यांच्या हातात शेंगदाणे ठेवले.

सर सरळ गेले. ओढा, दगडांची चळत,
वाळलेली घाणेरी, आणि डबा.
एकोणीस मिनिटं.
आज बँड स्वच्छ होता, म्हणाले.
आम्ही म्हणालो, हो सर, आज फार स्वच्छ.
मुक्ताने घरच्या सेटचा सूरही तेव्हापासून उतरवलाय.
तिची आई विचारते, हे घुबड कधी आणलंस?

इतिवृत्तात एवढंच :
कोल्हा सापडला. विजेते, श्री. गायधनी. चहा झाला.

काल सेल बदलायला डबा मी घरी आणला.
झाकणाच्या आत सर्किटचा कागद चिकटवलेला,
सरांच्याच हातचा, वीस वर्षांपूर्वीचा,
शाई तपकिरी झालेली.
एका रेझिस्टरपुढे बावीस होतं.
ते एका रेघेने खोडलेलं,
बाजूला शिसपेन्सिलीने, ताजं,
त्यांचा तो मोडका चार आणि आडवी रेघ मारलेला सात :
सत्तेचाळीस.
सही नाही. तारीख नाही.

मी सेल बदलले.
झाकणावर रबर चढवलं.
पुढची सभा चौदाला. झुबेरभाईंनी विचारलं,
डब्यात सगळं ठीक ना?
मी म्हटलं, ठीक.