दाखल क्रमांक ११४७

ड वर्गाचं वाचनालय आमचं, धाबेटोल्याचं.
एक खोली, तीन कपाटं,
फिरण्याआधी खोकणारा पंखा,
आणि ओल येते त्या भिंतीवर
मागच्या मंडईतल्या नाटकाचं पोस्टर.

तपासणीला साहेब येणार,
म्हणून निर्लेखनाची यादी करतेय.
वाळवीची, फाटकी, शिवण सुटलेली.
११४७ची पहिली सोळा पानं नाहीत.
नाव नाही, लेखक नाही, निळा पुठ्ठा तेवढा आहे.
मेंदूबद्दल आहे,
माणसं नि जनावरं अशी का वागतात त्याबद्दल.
नेणाऱ्याचं नाव रजिस्टरात नऊ वेळा आलंय,
नऊही वेळा एकच: शालिक नान्हे.

शालिक नान्हे तळ्यावरचा. मच्छीमार सोसायटीचा मेंबर, सातवी पास.
पुस्तक हातात घेण्याआधी
शर्टाला हात पुसतो, मग परत पुसतो.
आणि समासात पेन्सिलीनं बोलतो.

पान ३१. छापलंय, मेंदूचं वजन सरासरी चौदाशे ग्रॅम.
शेजारी: 'मध्यम रोहू.'

पान ५८. लोक समजतात, माशाला काही आठवत नाही.
शेजारी: 'कोन लोक?'
आणि खाली, पानाच्या कडेवरून वळत वळत:
'पूर्वेच्या खुंटाजवर जार फाटला, मासोरी सुटली.
दोन सालं तिकडं एक बी फिरकली नाही.
तिनं बाकीच्याईले सांगतलं आसन.'

त्याच्या हातात ळचा र होतो, णचा न.
पुस्तक आपलं शुद्धच बोलतं.
तरी भांडण नीट चाललंय दोघांचं.

कळपात राहण्याच्या फायद्यांवर सबंध प्रकरण आहे.
तिथे एकच ओळ:
'याले सोसायटीच्या मिटिंगले आना.'
मी हसले. एकटीच होते.

मग बरीच पानं कोरी.
एका पानावर खवला चिकटलाय,
नखानं काढायला गेले, नि राहू दिला.

पान ११२. इथे पेन्सिल बदललीय, नाहीतर हात.
छापलंय: मेंदू समोरचं बघून मग ठरवतो असं नाही,
तो आधीच अंदाज बांधून बसतो.
अंधारात पायरी आहे असं धरून पाय टाकतो,
आणि पायरी नसते.
शेजारी:
'हिरामन गेला आखाडात.
जाराचं दुसरं टोक आता त्याचा पोरगा धरते.
मी आजून म्हनतो, ओढ बे हिरामन.
पोरगा काही म्हनत नाही. ओढते.'
आणि त्याखाली, वेगळ्या दिवशी लिहिल्यासारखं:
'हे कवा थांबते? पुस्तकात हाय का?'

यादी बाजूला ठेवली.
पुढची सगळी पानं बघितली,
मागची शब्दसूची, जी 'प'वरच तुटते, तीसुद्धा.
झोपेबद्दल आहे, भीतीबद्दल आहे,
माकडाच्या पिल्लांबद्दल आहे.
ते नाही.
पहिल्या सोळा पानांत असेलही, कोण सांगणार.

नियम सहावा: पुस्तकात लिहिल्यास पाच रुपये दंड.
भिंतीवर मीच रंगवलाय तो,
'दंड'मधला ड जरा मोठा झालाय.
ड्रॉवरमधून पेन्सिल काढली.
खोडरबर होतं तिच्या मागे, झिजलेलं.
पान ११२, त्याच्या प्रश्नाखाली, लहान अक्षरात लिहिलं:
'नाही. मीपण शोधलं.'

यादीत ११४६नंतर ११४८ लिहिलं.

गुरुवारी तो आला, मधमाश्यांचं परत करायला.
म्हणाला, 'ताई, ते निळं हाय का जी?'
आहे म्हटलं.
त्यानं हात पुसले, परत पुसले.
रजिस्टरात दहाव्यांदा नाव घातलं.
साहेबांनी विचारलं तर सांगीन,
बाहेर आहे, वाचकाकडे.