यातयाम

कन्ना चौकामागच्या समाजमंदिरात
गुरुवारी चार ते पाच गीतेचा वर्ग.
जोगळेकर बाईंनी फळ्यावर तीन रकाने आखले.
दूध, तूप, मूग पहिल्यात.
दुसऱ्यात तिखट, खारट, चटका देणारं.
तिसऱ्याशी आल्या आणि खडू तुटला.
उरलेल्या तुकड्याने लिहिलं : यातयाम.
म्हणजे प्रहर उलटून गेलेलं. शिळं.

माझी आई, शरणव्वा हत्तुरे,
शेवटच्या ओळीत मांडी बदलून बसली.
तिची भाकरी महिना-महिना टिकते,
लोक पैसे मोजतात ते त्याचेच.
पहाटे तीनला उठून थापलेली,
तव्यावरून काढून निखाऱ्याला उभी केलेली,
तीळ तडतडून पापडासारखी वाजेपर्यंत.
किती प्रहर जात असतील तिच्यावरून
पुण्याच्या एस.टी.त, हॉस्टेलच्या ट्रंकेत?

वाटेत ती गप्पच.
विजापूर वेशीपाशी म्हणाली,
"म्हंजे आपण तिसऱ्यात की रे."
आणि हसली, पण उशिरा.

भिंतीपलीकडे यादगिरी बोम्माचा माग.
खटक् खटक्, मी पाळण्यात होतो तेव्हापासून.
धागा तुटला की थांबतो.
बोम्मा येतो, जिभेला बोट लावतो, गाठ मारतो.
काळा, तांबडा, पांढरा, त्याला सगळे सारखेच अडतात.
गुण म्हणजे दोराही, असं बाई म्हणाल्या होत्या.
आईने ते ऐकलं नाही,
ती मनात भाकऱ्या मोजत होती.

एप्रिलात, त्रेचाळीस अंशाला,
बाई दारात. छत्री मिटता मिटेना.
मिस्टर दवाखान्यातून घरी आलेत,
तोंडाला चव नाही, वरणभात ढकलून देतात.
"दोन डझन द्या. आणि ती शेंगाचटणी..."
मग आवाज खाली आणून, "जरा तिखटच."
आईने वाटीत भाकरी कुस्करली, वर दूध ओतलं.
"पाच मिन्टं थांबायचं बाई.
मग दात नसले तरी चालतंय."
फळ्याचं नाव दोघींनीही काढलं नाही.

पैसे घेतले का, आठवत नाही.
आठवते ती त्यानंतरची दुपार.
चुलीवर पाणी मारून
आई शहाबादी फरशीवर आडवी झाली,
पदर तोंडावर ओढून.
झोपही तिसऱ्याच रकान्यातली, बाईंच्या हिशोबाने.
मी पंखा तिच्याकडे वळवला
आणि पलीकडे जाऊन म्हणालो,
बोम्मा, अर्धा तास बंद ठेव की.
नगावर मजुरी त्याची.
तरी ठेवला.